छापील शून्य

माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल हलवायचं तर चार माणसं लागतात. तीन बोटं जाडीच्या लाकडी पट्ट्या, आणि मधोमध गडद रंगाचे तीन बाण बसवलेले. नवीन माणूस घरी आला की हमखास विचारतो, हे बाण कसले? मी सांगते, हा बॉलिंगच्या हॉलमधल्या सहा नंबरच्या लेनचा तुकडा आहे. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला. "अय्या, म्हणजे तुम्ही बॉलर होता? फास्ट की स्पिन?" पूर्वी मी चिडायचे. आता 'लेग स्पिन' म्हणते आणि चहा ओतते.

आमचं बॉलिंग वेगळं. साठ फूट लांब, तेल लावलेली लाकडी वाट, तिच्या टोकाला मांडलेल्या दहा पिना, आणि आपल्या हातात तीन बोटांपुरती भोकं असलेला जड गोळा. तो सोडायचा आणि तो जाईल तिकडे बघत उभं राहायचं. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. वर-खाली न जाणाऱ्या कुठल्याही वस्तूत त्याला रस नसतो. तो या खेळाला 'गोळे ढकलणं' म्हणायचा, आणि तरी हॉल मोडला तेव्हा ही लेन त्यानंच विकत आणली. का, ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

हॉल रंगाच्या गोदामाच्या वर होता. आठ लेन. जिना चढताना टर्पेंटाइनचा वास यायचा आणि वर पोचलं की भाड्याच्या बुटांचा. या दोन वासांच्या मध्ये, अकराव्या-बाराव्या पायरीवर, दोन्ही एकदम यायचे, आणि ती पायरी आली की माझा आठवड्याचा शीण उतरायचा. आता तिथे बाथरूमच्या फरशांचं दुकान आहे. मी एकदा गेले होते आत. सेल्समननं विचारलं, काय दाखवू? मी म्हटलं, जिना दाखवा. तो जिनाही त्यांनी पाडलाय.

रविवारी सकाळी दहा वाजता आमची लीग असायची. खेळणारे सगळे हौशी, पोटापाण्याला दुसरं काहीतरी करणारे. मी पडदे शिवते. बेकरीवाली पहाटे पाव भाजून, हातावर पीठ घेऊनच यायची. दातांच्या कवळ्या बनवणारे एक गृहस्थ होते, त्यांना आम्ही कवळीवाले म्हणायचो. आणि या सगळ्यांत मोठे म्हणजे बाबा, माझे सासरे. ते छापखान्यात जुळारी होते, शिशाचे खिळे एकेक करून ओळी जुळवायचे. चाळीस वर्षं उलटी अक्षरं वाचल्यामुळे समोरच्या माणसाच्या हातातलं वर्तमानपत्र त्यांना पलीकडून वाचता यायचं, आणि कुठलाही आकडा एकदा डोळ्यांखालून गेला की तो डोक्यात कायमचा बसायचा.

आता हँडिकॅप म्हणजे काय ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. घाबरू नका, मलाही टक्केवारी म्हटलं की पोटात गोळा येतो. एकाची सरासरी एका गेमला एकशे ऐंशी आणि दुसरीची नव्वद, तर त्यांची तुलना करायची कशी? तर दुबळ्याला वाढीव पिना द्यायच्या. किती? एकशे ऐंशीतून त्याची सरासरी वजा करायची आणि उरेल त्याचे ऐंशी टक्के, अपूर्णांक सोडून. नव्वदवालीला प्रत्येक गेमला बहात्तर पिना फुकट. माझी सरासरी एकशे पंधरा, मला बावन्न. आणि ज्याची सरासरी एकशे ऐंशी किंवा वर, त्याला शून्य.

बाबांची सरासरी एकशे चौऱ्याऐंशी होती. वर्षानुवर्षं. म्हणून हॉलमध्ये त्यांना सगळे शून्यराव म्हणायचे आणि त्यांनाही ते आवडायचं.

ही पद्धत लीगमध्ये बाबांनीच आणली होती, आणि आणली होती सासूबाईंसाठी. पहिल्या वर्षी लीग सुरू झाली तेव्हा सासूबाई नव्वदच्या वर जात नव्हत्या. गोळा सोडताना त्या डोळे मिटायच्या. बाबांना रविवार त्यांच्याबरोबर घालवायचा होता, आणि नवरा दोनशे पाडतोय, बायको साठ, यात बरोबर खेळण्यासारखं काय राहतं? म्हणून हँडिकॅप. त्याच्या जोडीला त्यांनी वैयक्तिक बक्षीस ठेवलं. हंगामाच्या शेवटच्या रविवारी तीन गेम, त्यात प्रत्येकाचा हँडिकॅप मिळवायचा, आणि सगळ्यांना एका रांगेत लावायचं. पहिल्याला सोनेरी पिन. म्हणजे हॉलमधलीच एक टवका उडालेली जुनी पिन, सोनेरी रंग दिलेली. ती वर्षभर घरी ठेवायची आणि पुढच्या वर्षी परत आणायची. खाली जिंकणाऱ्याच्या नावाची पट्टी चिकटवलेली असायची, छापखान्यात छापलेली.

सव्वीस वर्षांत शून्यरावांना ती पिन एकदाही मिळाली नाही. ज्याला एकही पिन फुकट नाही त्याला दरवर्षी कुणीतरी मागे टाकायचंच. सासूबाईंना मात्र मिळाली होती, दुसऱ्याच वर्षी. खालून दुसरी पट्टी त्यांची. हा विषय त्यांच्यासमोर काढायची खोटी, की त्या बाबांकडे बघून म्हणायच्या, "काही लोक नुसतेच चांगले खेळतात. काही लोक जिंकतात." बाबा हसायचे. ते हसणं जरा जास्तच लांबायचं, पण मला त्यात तेव्हा काही वावगं दिसलं नाही.

सासूबाई गेल्या आणि पाच महिन्यांनी कळलं की हॉल विकला जाणार. पुढचा हंगाम शेवटचा. आणि हॉलच्या मालकानं जाहीर केलं की यंदा सोनेरी पिन जिंकेल त्याची ती कायमची.

त्या दिवशी बाबा घरी आले, बूट न काढता बसले आणि मला म्हणाले, "सूनबाई, ती पिन आपल्या घरी आली पाहिजे."

"मग आणा की."

"मी नाही. तू आण. तुझा हात सुधारतोय आणि हँडिकॅप मागून येतोय, जुन्या सरासरीवरचा. यंदा तुझी संधी आहे."

सासूबाई गेल्यापासून त्या माणसानं कशात एवढं मन घातलेलं मी पाहिलं नव्हतं. दिवसदिवस खिडकीशी बसून राहायचे. जेवायला हाक मारली तर 'तिला वाढलंस?' असं तोंडातून निघून जायचं आणि मग आम्ही तिघंही ताटाकडे बघत बसायचो. रविवार आला की मात्र साडेआठलाच बॉलची पिशवी दाराशी. त्या पिशवीपायी तो माणूस उभा होता, हे मला स्वच्छ दिसत होतं.

त्याच हंगामात लीगचं सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं. नाव बाबांनीच सुचवलं. काम एवढंच, दर रविवारी खेळाआधी सगळ्यांचे हँडिकॅप काढून फळ्यावर कागद लावायचा. बाबांनी मला दोन संध्याकाळी शिकवलं. पहिल्या तीन रविवारी मागच्या हंगामाची सरासरी धरायची, चौथ्यापासून या हंगामाची. पहिल्या कागदात मी चार चुका केल्या. त्यांनी त्या पेन्सिलनं हळूच गोल केल्या आणि चहा करायला निघून गेले. आपण चुकलो की मी डोक्यात राख घालून घेते हे त्यांना ठाऊक होतं.

चौथ्या रविवारी मी त्यांची सरासरी काढली आणि परत काढली. एकशे अठ्ठावन्न. गुडघा वाकत नव्हता, मनगटात जोर नव्हता. हँडिकॅप येत होता सतरा.

लीगचा कागद बाबांनी फार वर्षांपूर्वी स्वतः जुळवून छापून घेतला होता. नावं छापील, हँडिकॅपच्या जागा मोकळ्या. फक्त त्यांच्या ओळीत जागा मोकळी नव्हती. तिथे शून्य छापलेलंच होतं, कारण ते कधी बदलायचं नाही. मी पेन हातात घेऊन बसले होते तेव्हा ते माझ्या खांद्यावरून वाकले आणि त्या शून्यावर बोट फिरवून म्हणाले, "हे मी जुळवलेलं आहे. बारा पॉइंट, ठळक. बघ, अजून कसं उठून दिसतं."

मला वाटलं, हा माणूस विनवतोय. हे एवढं तरी राहू दे म्हणतोय. मी पेनचं टोपण लावलं आणि कागद तसाच फळ्यावर लावून आले.

मग दर रविवारी तेच. बाबांची सरासरी एकशे एकावन्न, मग एकशे सेहेचाळीस, मग एकशे चाळीस. बाकीच्यांचे आकडे बदलत होते, शून्य तिथेच. आमची टीम दर आठवड्याला वीस-पंचवीस पिनांनी हरायला लागली. टीममध्ये बाबा आणि मी यांच्याबरोबर बेकरीवाली होती, आणि ती काही कुणाची भीड ठेवणारी बाई नव्हे.

तिनं मला बुटांच्या रॅकमागे गाठलं. "काय गं, शून्यराव अजून शून्यच? परवा एकशे एकतीस पाडले त्यांनी. मला पाव मोजता येतात, पिना येत नाहीत असं वाटतं का तुला?"

"हळू बोल."

"हळू काय बोल? आपण हरतोय!"

"हरू दे," मी म्हटलं. "त्यांना जर कळलं की आपल्याला वाढीव पिना लागायला लागल्यात, तर ते पुढच्या रविवारी यायचे नाहीत. मग त्या खिडकीशी बसून काय होईल त्यांचं? तुला टीमचा कप पाहिजे की माणूस?"

तिनं पिठाच्या हातानं माझ्या गालावर एक चापटी मारली, प्रेमाची होती पण लागली, आणि म्हणाली, "तुझ्या कागदावर तू काय लावायचं ते लाव. माझं तोंड शिवलेलं आहे." त्यानंतर हॉलमधलं कुणीच काही बोललं नाही. तिनंच सगळ्यांना दम दिला असणार.

इकडे बाबा मला शिकवत होते. गोळ्याकडे नको, बाणाकडे बघ. दुसरा बाण. खांदा पाडू नकोस. घरी जेवणाच्या खोलीत ते मला उशी हातात देऊन चार पावलं टाकायला लावायचे आणि माझा नवरा ताट घेऊन भिंतीला चिकटून उभा राहायचा. "घर आहे की सर्कस," तो म्हणायचा. पण खूप दिवसांनी त्या घरात कुणीतरी मोठ्यानं बोलत होतं आणि त्यालाही ते बरं वाटत होतं.

शेवटच्या रविवारी हॉल भरून गेला होता. खेळणं सोडलेली माणसंही आली होती. मी कागद लावला. कवळीवाल्यांना एकोणचाळीस, मला बावन्न, बाबांना छापील शून्य. 

मी घाबरून खेळले. पहिला गेम बरा गेला, दुसऱ्यात खांदा पाडला, तिसऱ्यात सावरलं. तीन गेम मिळून तीनशे अठ्ठावन्न, हँडिकॅप धरून पाचशे चौदा. कवळीवाले पाचशे अडतीसवर होते. संपलं. मी बाबांकडे बघायचं टाळलं.

पण बाबा अजून खेळत होते. आणि त्या दिवशी त्या माणसाच्या अंगात काय आलं होतं कोण जाणे. गुडघा वाकत नव्हता म्हणून ते जवळजवळ उभ्यानंच गोळा सोडत होते. तो हळू जायचा, इतका हळू की मागच्या लोकांना श्वास घ्यायला वेळ मिळायचा, पण जायचा बरोबर दुसऱ्या बाणावरून. एकशे एकोणपन्नास. एकशे अडतीस. शेवटच्या गेममध्ये लागोपाठ तीन वेळा दहाच्या दहा पिना आडव्या, आणि एकशे साठ. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. चारशे सत्तेचाळीस.

मी मनात बेरीज केली. मी, टक्केवारीला घाबरणारी, क्षणात केली. सरासरी एकशे चाळीस. खरा हँडिकॅप बत्तीस. तीन गेमचे शहाण्णव. पाचशे त्रेचाळीस.

बाबा जिंकले होते. पाच पिनांनी. आणि माझ्या कागदावर ते हरले होते.

मालक सोनेरी पिन घेऊन कवळीवाल्यांकडे निघाला. माझ्यासमोर दोनच वाटा होत्या. गप्प बसले तर पिन कायमची दुसऱ्याच्या घरी जाणार होती. बोलले तर चारचौघांत सांगावं लागणार होतं की शून्यराव चौथ्या रविवारपासून शून्य नव्हते, आम्ही सगळे मिळून त्यांना लहान मुलासारखं सांभाळत होतो. मी बोलले.

"थांबा. कागद चुकलाय. बाबांचा हँडिकॅप बत्तीस आहे. मी मुद्दाम लिहिला नाही."

मी मान वर करून बाबांकडे बघितलं. मला वाटलं होतं की त्यांचा चेहरा पडेल. ते तर माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होते.

"मुद्दाम?" ते म्हणाले. "म्हणजे तुला येत होता काढता?"

"म्हणजे काय!"

त्यांनी खिशातून घडी केलेला एक कागदाचा तुकडा काढला. त्यावर बारीक, सरळ अक्षरात चौथ्या रविवारपासूनचे आकडे होते. सतरा. तेवीस. सत्तावीस. बत्तीस. दर आठवड्याचा हँडिकॅप त्यांनी स्वतःचा स्वतः काढून ठेवला होता.

"मला वाटलं, माझ्या ओळीत छापील शून्य बघून तू तिथे काही करायचं असतं हेच विसरलीस," ते म्हणाले. "चूक माझीच. मीच छापलं होतं."

"अहो मग सांगायचं ना मला! घरी तरी!"

"सांगितलं असतं तर तू पद सोडून मोकळी झाली असतीस. तुझा राग माहीत नाही का मला? म्हटलं, हंगामभर शून्य तर शून्य. पोरगी तेवढी रमलीय."

बेकरीवाली आधी हसली. मग सगळा हॉल हसायला लागला. मी हसत होते की रडत होते ते मलाही सांगता आलं नसतं. कवळीवाले भले गृहस्थ, ते पिन घेऊन सरळ बाबांसमोर आले. "तुमची आहे, घ्या."

बाबांनी हात मागे घेतला. "नाही. खेळ सुरू झाल्यावर फळ्यावरचा कागद बदलायचा नाही. नियम आहे."

"तुम्हीच केलेला नियम आहे तो," मालक म्हणाला. "तुम्हीच मोडा."

"मी केलाय म्हणूनच मोडता येत नाही."

ते काही ऐकेनात. पिन कवळीवाल्यांच्या घरी गेली.

घरी चालत येताना मी रस्ताभर भांडले. सासूबाईंचं नाव आहे त्या पिनवर, तुम्हीच म्हणालात घरी आली पाहिजे, आणि हातात आलेली सोडलीत. एक नियम, तोही स्वतःचा. मी बोलत राहिले आणि ते पिशवी या हातातून त्या हातात करत राहिले. टपालपेटीपाशी ते थांबले. टेकून उभे राहिले.

"तो नियम मी तिसऱ्या वर्षी केला," ते म्हणाले. "दुसऱ्या वर्षी तुझी सासू जिंकली, त्याच्यानंतर. का केला माहितेय?"

मी मान हलवली.

"त्या हंगामात ती म्हणाली, मला शेवटून पहिली यायचा कंटाळा आलाय, यंदा झालं की मी बंद करणार. तिची सरासरी चौऱ्याण्णव होती. शेवटच्या रविवारी, खेळ सुरू झाल्यावर, मी फळ्यावरच्या कागदावर खोडून नव्वद लिहिली. अडुसष्टाच्या जागी बहात्तर हँडिकॅप. तीन गेमच्या बारा पिना मी तिला चोरून दिल्या."

"आणि त्या जिंकल्या."

"जिंकली. आणि पुढे तेवीस वर्षं माझ्याबरोबर खेळली. बेरीज मी केली नाही, मालकानं केली. तो नुसता ओरडला, वहिनी पहिल्या. किती पिनांनी, ते मी विचारलं नाही. तो कागद मी घडी घालून पाकिटात टाकला आणि पाकीट चिकटवलं. बारापेक्षा कमीनं जिंकली असेल तर? ती तो दिवस जन्मभर सांगत राहिली, सूनबाई. काही लोक जिंकतात म्हणायची. मी कुठल्या तोंडानं बघणार होतो?"

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"म्हणून तुला म्हणत होतो, तू आण. तुझ्या हातून आली असती तर हक्काची आली असती. एकदा ती आपल्या घरी लबाडीनं आली. दुसऱ्यांदा नियम वाकवून नको."

"ते पाकीट कुठे आहे?"

"असेल," ते म्हणाले. "शोधू नकोस. मी आहे तोवर तरी नको."

रात्रीच्या जेवणाला मी नवऱ्याला हे सांगितलं. ती पिन वर्षभर त्याच्या पलंगाशेजारी होती. तो तेव्हा बारा वर्षांचा होता आणि वर्गातल्या झाडून सगळ्या पोरांना त्यानं ती घरी आणून दाखवली होती. तो उठला आणि न बिघडलेला नळ दुरुस्त करत बसला.

बाबा त्यानंतर सहा वर्षं होते. लेनचं टेबल आलं तेव्हा ते तासभर नुसता हात फिरवत बसले. मग रोजचा सकाळचा चहा त्यांनी त्याच टेबलावर घेतला, कप बरोबर दुसऱ्या बाणावर ठेवून. मी पाकीट शोधलं नाही. आयुष्यात मी कुणाचं ऐकलं असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. आईचं नाही, शाळेतल्या बाईंचं नाही, नवऱ्याचं तर नाहीच. ही एक गोष्ट मात्र मी ऐकली.

ते गेल्यावर महिन्याभरानं बॉलची पिशवी आवरायला काढली. बाजूच्या कप्प्यात पाकीट होतं. डिंक पिवळा पडलेला, तोंड जसंच्या तसं बंद. तीस वर्षांत कुणी उघडलेलं नव्हतं. आम्ही दोघं टेबलाशी बसलो. नवऱ्यानं चाकूनं कडा कापली आणि कागद उलगडून बाणांवर पसरला.

सासूबाईंची ओळ. एकशे आठ, सत्त्याण्णव, एकशे सव्वीस. तीनशे एकतीस. त्यात हँडिकॅप तीनदा बहात्तर. एकूण पाचशे सत्तेचाळीस. दुसरा आलेला पोस्टातला कुणी गृहस्थ, पाचशे तीस.

मी पेन्सिल घेतली. सतरातून बारा वजा करायला पेन्सिल कशाला लागते? पण मी घेतली, आणि पुन्हा एकदा सगळं वरपासून लिहून काढलं, अडुसष्ट धरून. मग पेन्सिल नवऱ्याकडे दिली. त्यानंही लिहून काढलं. हा कागद सहा वर्षं चार पावलांवर, कपाटात, पिशवीत होता. बाबा इथे बसून चहा प्यायचे आणि मी समोर पडदे शिवायचे. एकदा, फक्त एकदा मी नेहमीसारखी वागले असते, तर ते माझ्या अंगावर ओरडले असते आणि मग त्यांनी बेरीज बघितली असती. नेमकं तेव्हाच का मला शहाण्यासारखं वागायचं होतं?

नवऱ्यानं पेन्सिल खाली ठेवली.

"म्हणजे आई खरंच जिंकली होती?"

"हो," मी म्हटलं. "पाच पिनांनी."